गुरुवारची दाढ

तक्रारबाईंची दाढ दर गुरुवारी साडेचारला दुखायला लागायची आणि साडेपाचला थांबायची. इतकी वक्तशीर दाढ त्यांच्या अख्ख्या ऑफिसात दुसऱ्या कुणाची नव्हती. माणसं तर सोडाच, भिंतीवरचं घड्याळही इतकं वक्तशीर नव्हतं.

तक्रारबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तीन नंबरच्या खिडकीमागे त्या बावीस वर्षं बसत होत्या, म्हणून हे नाव पडलं. नळाला पाणी नाही, आहे पण करंगळीएवढं, आहे पण तांबडं, शेजाऱ्याला आहे आणि मला नाही, असं जे काही असेल ते लोक खिडकीत डोकं घालून सांगत आणि बाई रजिस्टरमध्ये उतरवून घेत. नुसत्या नळावर भागलं असतं तर काही म्हणणं नव्हतं. पण नळापासून सुरू झालेला माणूस सुनेपर्यंत पोचतो, आणि सुनेवरून स्वतःच्या पोटातल्या वातापर्यंत कधी आला हे त्याचं त्याला कळत नाही. बाई सगळं ऐकून घेत. लिहीत मात्र फक्त नळाचं. मजा अशी, की ज्यांना सगळी वस्ती तक्रारबाई म्हणायची त्यांनी स्वतः जन्मात एकही तक्रार केली नव्हती. करायची कधी? समोर कायम कुणीतरी करत असायचं.

घरी गेल्यावर खिडकी नव्हती, एवढाच फरक. तीन खोल्या आणि सहा माणसं. नवरोबा फर्निचरच्या दुकानात नोकरीला होते. सोफ्याचा पलंग कसा होतो आणि पलंगाचा परत सोफा कसा होतो, हे ते दिवसभर गिऱ्हाइकांना करून दाखवत आणि झोपेतही अधूनमधून हात लांब करून काहीतरी ओढत. दीर घरात असला की फोनवर असायचा, आणि फोनवर नसला की फोनविषयी बोलायचा. धाकटी जाऊ बोलत कमी होती पण बघत फार होती. मुलीची परीक्षा वर्षातून चार वेळा यायची आणि ती मोठ्यानं पाठ करायची. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायच्या आणि दर मंगळवारी गुडघ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन यायच्या. न्हाणीघराला कडी होती, नाही असं नाही. पण आत जाऊन कडी लावली, की दोन मिनिटांत कुणीतरी दारावर टकटक करून विचारायचं, "आत आहेस का?" आणि आहे म्हणून सांगावं लागायचं.

आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. त्यातले खिडकीचे इतके, बसचे इतके, ओट्यापाशी उभं राहून जाणारे इतके, "अगं ऐकलंस का"चे इतके आणि झोपेत नवरोबांचा सोफा चुकवण्यात जाणारे इतके. बाईंनी एकदा बसमध्ये उभ्या उभ्या हा हिशेब मांडला होता. खाली उरलं शून्य. हिशेब पुन्हा तपासावा असं वाटलं, पण तेवढ्यात शेजारच्या बाईनं ओळख काढली. तिच्याकडे तीन दिवस पाणी नव्हतं.

अशा बाईची गेल्या वर्षी एक दाढ खरोखरच किडली. एकच, आणि तीही मागची.

दातांच्या डॉक्टरचा दवाखाना बसथांब्यासमोर, पहिल्या मजल्यावर. बाहेर बसायची खोली लहान. भिंतीला लावून सहा खुर्च्या, काचेच्या पेटीत एक मासा, मुखपृष्ठ गळालेलं एक मासिक आणि 'मोबाईल बंद ठेवा' अशी पाटी. समोरच्या भिंतीवर एक मोठं चित्र होतं. त्यात एक पांढरीशुभ्र दाढ हातात ब्रश घेऊन तोंडभर हसत होती. दाराशी टेबल टाकून चिठ्ठीवाली बसायची. आलेल्याला ती नंबराची चिठ्ठी द्यायची, कार्ड काढायची आणि परत आपलं विणकाम हातात घ्यायची.

त्या दिवशी आत कुणाची तरी अवघड दाढ निघाली आणि बाईंना पन्नास मिनिटं थांबावं लागलं.

पहिली दहा मिनिटं त्या बेचैन होत्या. कुणी काही बोलेना. मग त्यांच्या ध्यानात आलं, की इथं कुणी बोलतच नाही. प्रत्येकाचा एक हात गालावर आणि नजर जमिनीवर. शेजारी कोण बसलंय, का बसलंय, याच्याशी कुणाला सोयरसुतक नाही, कारण येण्याचं निमित्त सगळ्यांना ठाऊकच असतं. स्टेशनावर, बागेत, देवळाच्या पायरीवर बाईमाणूस नुसतं बसलं तर दहा जण विचारतात, काय झालं, कुणाची वाट बघताय. इथं गालावर हात ठेवला की झालं. जगानं तुमचा नाद सोडला.

मग बाईंचं लक्ष त्या चित्राकडे गेलं. दाढ हसत होती. हसताना तिच्या तोंडात दात दिसत होते. बाईंच्या मनात आलं, दाढेला दात? मग ते दातही घासावे लागत असणार. म्हणजे त्यांच्याही हातात ब्रश असणार, आणि तेही असेच हसत असणार. म्हणजे त्यांच्या तोंडात आणखी बारीक दात. असं करत करत बाई खाली खाली उतरत गेल्या, मोहरीएवढ्या दातापर्यंत, मग खसखशीएवढ्या. वीस मिनिटं लागली. तळाशी पोचल्यावर त्यांना एक इवलासा दात सापडला. त्याच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळे त्याला घासायला काही काम नव्हतं. तो ब्रश धरून नुसता बसला होता, त्यांच्यासारखाच.

बाई फिस्सकन हसल्या.

कित्येक वर्षांत त्यांचा एक विचार असा सुरू होऊन, चालत जाऊन, मुक्कामाला पोचला होता. एरवी निम्म्या वाटेत "अगं ऐकलंस का" आडवं यायचं. आपण बऱ्यापैकी गमतीची बाई आहोत, हे त्यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दाढ ठणकत असताना, प्रथमच कळलं. नंतर आत जाऊन त्यांनी दाढ भरून घेतली. डॉक्टर म्हणाला, "झालं. आता यायची गरज नाही." बाईंना एकदम पोरकं वाटलं.

पुढच्या गुरुवारी त्या परत गेल्या.

जायची पद्धत त्यांनी आठवडाभरात बसवून टाकली. चिठ्ठी घ्यायची. कोपऱ्यातली खुर्ची पकडायची. आपला नंबर पुकारला की शेजारच्या सुजलेल्या गालाकडे वळून म्हणायचं, "तुम्ही जा आधी, मला घाई नाही." ठणकत्या दाताचा माणूस का म्हणून विचारत नाही, तो आशीर्वाद देऊन आत पळतो. साडेपाचला उठायचं, चिठ्ठी परत करायची आणि म्हणायचं, "आज राहू दे." चिठ्ठीवाली मान न उचलता कार्डावर लिहायची: आल्या. बसल्या. गेल्या.

हळूहळू बाईंची स्वतःशी चांगलीच ओळख वाढली. आठवडाभर काही सुचलं की त्या म्हणायच्या, हे गुरुवारी बघू, आणि कुणी दुसऱ्यासाठी खाऊ राखून ठेवावा तसं ते राखून ठेवायच्या. कॉलेजात असताना खोलीतली मैत्रीण एकदा म्हणाली होती, तुला गाता येत नाही. हे सत्तावीस वर्षं सलत होतं. एका गुरुवारी त्यांनी गालावर हात ठेवून मनातल्या मनात एक अख्खं गाणं म्हटलं, अगदी मन लावून, आणि निकाल दिला, की मैत्रिणीचं बरोबर होतं. पण गाणारी बाई आवडली. एका गुरुवारी भांडण झालं. बसमध्ये मिळालेली खिडकीची जागा एका धडधाकट बाप्याला देऊन टाकल्याबद्दल बाईंनी स्वतःला फैलावर घेतलं; पाच वाजेपर्यंत अबोला होता, सव्वापाचला मिटलं. आणि काही गुरुवारी तर दोघी काही न बोलता माशाकडे बघत बसल्या. ते सगळ्यात छान.

फेब्रुवारीत बाई गुरुवारी कानातलं घालून जायला लागल्या. चांगल्या ओळखीच्या माणसाला भेटायला जाताना काहीतरी घालावंसं वाटतंच.

इथून घोटाळ्याला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंनी.

डॉक्टर मनाचा फार चांगला, पण त्याला एक खोड होती. त्याला खोटं बोलता येत नसे. दुसरे दातवाले कसे म्हणतात, मुंगी चावल्यासारखं वाटेल. हा म्हणायचा, "दुखेल. सात-आठ मिनिटं चांगलंच दुखेल." त्यामुळे त्याच्या खोलीत बसलेली माणसं खरोखर घाबरलेली असत. एका गुरुवारी त्यानं बाईंचं कार्ड उघडलं आणि ओळीनं एकोणीस वेळा वाचलं: आल्या. बसल्या. गेल्या. एवढी भीती त्यानं उभ्या धंद्यात पाहिली नव्हती. वर चिठ्ठीवालीनं सांगितलं, की ही बाई मधूनच एकटी हसते.

तो बाहेर येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. "मॅडम, घाबरणं चूक नाही. मी खोटं सांगणार नाही, घाबरण्यासारखंच आहे. पण तुम्ही इथं एकट्या बसता ना, तेच वाईट. एकट्यानं बसलं की भीती वाढते. आजपासून तुमच्या सोबतीला कुणीतरी बसेल."

"नको हो," बाई म्हणाल्या.

"नको म्हणणारच. भीतीच बोलतेय ती."

तेव्हापासून चार-चाळीस ते चार-पन्नास चिठ्ठीवालीनं बाईंचा हात धरून बसायचं, असं ठरलं. चिठ्ठीवालीला हात धरायची हौस नव्हती आणि बाईंना द्यायची नव्हती. पण डॉक्टर दार किलकिलं करून बघायचा. दोघी हातात हात घालून समोरच्या हसऱ्या दाढेकडे बघत बसत.

"किती झाली?" बाई विचारायच्या.

"सहा मिनिटं."

"अजून चार."

"हं. माझं मोज्याचं टाचेपाशी अडलंय."

घरी त्याहून बिकट. बाईंची दाढ सहा महिने बरी होत नाही म्हटल्यावर घरच्यांची माया उफाळून आली. नवरोबांनी फर्मान काढलं, की हिला चावायला लागेल असं काही द्यायचं नाही. झालं. सकाळी दुधात भिजवलेला पाव, रात्री कुस्करलेला बटाटा आणि मधल्या वेळेला मऊ केळं. बत्तीसच्या बत्तीस दात तोंडात ठणठणीत आणि खायला मिळतंय ते गिळायचं. बाईंना चावायची अशी काही भूक लागली, की त्या बाजारातून कच्ची गाजरं घ्यायच्या, जुन्या रजिस्टरांच्या खोलीत जायच्या आणि दार लावून घेऊन कराकरा खायच्या.

एके दिवशी अर्धं गाजर पर्समध्ये राहिलं. ते जावेला सापडलं. जावेला सापडणारच, तिला सुटे पैसे हवे होते.

तिनं ते सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. गाजरावर दातांची वरची रांग आणि खालची रांग अशी उमटली होती, की डॉक्टरनं साचा घ्यावा.

"वहिनी, दाढ दुखतेय ना तुमची?" जाऊ म्हणाली. "मी काही म्हणत नाही. पण दातवाल्याकडे कानातलं घालून कोण जातं, एवढं मला कुणी सांगा."

दिरानं फोन कानावरून खाली घेतला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बाई कुणाला तरी भेटायला जातात, हे जावेनं बरोबर ओळखलं होतं. फक्त माणूस चुकीचा धरला होता. बाईंना वाटलं सांगून टाकावं. पण सांगायचं काय? मला भेटायला जाते? नवरोबा म्हणाले असते, मग घरीच भेट की.

सासूबाईंनी हात पुढे करून गाजर उचललं. उलटसुलट करून पाहिलं. मग खिडकीबाहेरच्या टोपलीत टाकून दिलं आणि म्हणाल्या, "ऑफिसात उंदीर झालेत हिच्या."

"उंदीर, आई? एवढ्या तोंडाचा?" दीर म्हणाला.

"सरकारी आहेत. पोसलेले असतात."

नवरोबा साधे होते. गाजराचा आणि कानातल्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीनं लावला. "हिला एकटीला जायला भीती वाटते," ते म्हणाले. "धीर यावा म्हणून कानातलं घालत असेल. आपलंच चुकलं. सहा महिने बाईमाणूस एकटं जातंय. या गुरुवारी आपण सगळे जायचं."

"अहो, कशाला," बाई म्हणाल्या.

"कशाला म्हणजे? मी रजा टाकतो."

आणि गेले. परीक्षेमुळे मुलगी तेवढी मागे राहिली. बाकीचे पाचही जण बसमधून उतरून, रस्ता ओलांडून, जिना चढून त्या खोलीत शिरले. सहापैकी पाच खुर्च्या अडल्या. नवरोबांनी आपली खुर्ची आधी मागेपुढे हलवून पाहिली आणि डावा पाय सैल असल्याचं जाहीर केलं. दीर बरोब्बर पाटीखाली उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता, की इथं फोन चालत नाही. जाऊ दाराच्या फटीतून डॉक्टर कसा दिसतो हे बघायची खटपट करत होती. गाल सुजलेला एक गृहस्थ हे सगळं बघून सहावी खुर्ची सोडून जिन्यात जाऊन उभा राहिला. बाई मध्यभागी बसल्या होत्या आणि स्वतःला शोधत होत्या. स्वतः आली नव्हती. एवढ्या गर्दीत ती येत नसे.

"सतरा," चिठ्ठीवालीनं पुकारलं.

बाई सवयीनं जिन्याकडे वळल्या. "तुम्ही जा आधी, मला..."

"अगं, जा की," नवरोबा म्हणाले. "आम्ही कशाला आलोय?"

चौघांनी मिळून त्यांना आत ढकललं. चिठ्ठीवालीनं कार्डावर नवीन शब्द लिहिला: आत.

डॉक्टरला भरून आलं होतं. त्यानं बाईंना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि आरसा फिरवत एकेक दात मोजला. मग दिवा बाजूला केला. "मॅडम, एक भरलेली दाढ सोडली तर तोंडात काहीही नाही. इतके चांगले दात मी या रस्त्यावर पाहिले नाहीत. थांबा, मी बाहेर सांगून येतो. घरच्यांना बरं वाटेल."

तो वळला तशी बाईंनी त्याचा डगला धरला.

"एक काढा," त्या म्हणाल्या.

"काय काढू?"

"दात. कुठलाही. तुम्हाला सोयीचा पडेल तो."

डॉक्टर खाली बसला. बाईंनी आवाज उतरवला, कारण दारापलीकडे जावेची सावली दिसत होती. "मी मोजलंय. एक काढला की जखम भरायला दोन गुरुवार, मग खोटा बसवायला चार. एकाचे सहा धरा. एकतीस आहेत. मधे सुट्ट्या आल्या तरी साडेतीन-चार वर्षं बघायला नको."

"चांगल्या दाताला मी हात लावत नाही."

"मग बाहेर सांगा, वाईट आहे."

"खोटं मी बोलत नाही."

"म्हणून म्हणते, काढा. काढला की खरंच होईल."

डॉक्टरनं हातातला आरसा ताटलीत ठेवला. या बाईला त्यानं इतके दिवस भित्री समजलं होतं. "मॅडम, तुम्ही येता कशाला इथं?"

आणि मग बाईंनी बावीस वर्षांत प्रथमच तक्रार केली. तक्रार कशी करायची असते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली आणि रजिस्टरच्या क्रमानं सांगायला सुरुवात केली. नाव सांगितलं. पत्ता सांगितला. घरातली माणसं सांगितली.

"तक्रारीचं स्वरूप," त्या म्हणाल्या, "मी मला मिळत नाही."

डॉक्टरनं स्टूल जवळ ओढलं.

"पुरवठा आठवड्यातून एकदा. गुरुवारी, पन्नास मिनिटं. बाकीचे दिवस नुसती हवा येते. आणि आता आहे तेही कनेक्शन तुटायला आलंय. तुम्ही बाहेर जाऊन खरं सांगितलंत की तुटलं."

"आणि इथं मिळता तुम्ही?"

"व्यवस्थित. दाबही चांगला असतो."

डॉक्टर जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "म्हणजे तो हात धरायला लावला होता..."

"दहा मिनिटं वाया जात होती. तिचंही विणकाम अडत होतं."

तो उठला. डगला नीट केला. बाईंना वाटलं, संपलं. इतका सरळ माणूस, हा आता बाहेर जाऊन बत्तीस दातांचा पाढा वाचणार. त्या त्याच्यामागून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"काय निघालं?" नवरोबांनी विचारलं.

डॉक्टरनं एकेक शब्द तपासून बाहेर काढला. "यांना दर गुरुवारी इथं यावं लागेल. पन्नास मिनिटं बसावं लागेल. थांबवलंत तर त्रास होईल, आणि तो तुम्हालाही दिसेल."

"अरे बाप रे. किती दिवस?"

"सांगता येत नाही. बहुतेक कायमचं."

"आणि गाजर?" जाऊ म्हणाली.

"गाजर खावं. कडक असेल ते सगळं खावं."

"मग आम्ही पाळ्या लावून घेतो," नवरोबा म्हणाले. "एक गुरुवार मी, एक हा. सोबतीला."

"सोबत चालणार नाही," डॉक्टर म्हणाला. "सोबतीनं बिघडेल."

"दात?" जाऊ म्हणाली. "दात कसा सोबतीनं बिघडेल?"

डॉक्टर अडकला. दात बिघडेल असं म्हणता येईना, बिघडणार नाही म्हटलं तर सगळंच उघडं पडणार. त्यानं वर पाहिलं, खाली पाहिलं, माशाकडे पाहिलं. जाऊ त्याच्याकडे बघत होती आणि तिची पापणी लवत नव्हती. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"माझ्या गुडघ्यांचं तसंच आहे," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे सासूबाईंकडे वळले.

"तो मंगळवारवाला काय सांगतो मला? एकट्या येत जा, म्हणतो. अकरा वर्षं जातेय. तुमच्यापैकी कुणी आलंय एकदा तरी सोबत?"

कुणीच गेलं नव्हतं. दिरानं फोनकडे पाहिलं.

"मग? माझे गुडघे तुम्हाला चालतात आणि हिचा दात चालत नाही? चला, उठा. त्या माणसाला बसू द्या, जिन्यात ताटकळलाय बिचारा."

एवढं बोलून सासूबाई त्या ठेंगण्या खुर्चीतून उठल्या, कुठंही हात न टेकता, एका दमात, आणि तरातरा जिना उतरून गेल्या. बाकीचे त्यांच्यामागून गेले. त्या उठण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तक्रारबाईंचं होतं.

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अकरा वर्षं, दर मंगळवारी. घरी त्या विषयावर कुणी एक अक्षर बोललं नाही, बाईही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटात कुस्करलेल्या बटाट्याऐवजी सबंध काकडी आली, एवढंच.

त्यानंतरचे तीन गुरुवार झकास गेले. डॉक्टरनं हात धरायला लावणं बंद केलं. चिठ्ठीवालीच्या मोज्याची टाच वळली. डॉक्टर कधी दार उघडून बाहेर आलाच तर बाईंच्या अंगावरून पाय न वाजवता जायचा.

चौथ्या गुरुवारी बाई जिना चढून आल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. एक हात गालावर. केस नीट विंचरलेले, आणि कानात मोत्याच्या कुड्या, ज्या लग्नाकार्यालाही निघत नसत.

नंतर बाईंना कळलं, की गुडघ्यांच्या डॉक्टरनं नवी पद्धत सुरू केली होती. फोनवर वेळ घ्यायची, गेलं की लगेच आत, दहा मिनिटांत बाहेर. लोक खूश होते. सासूबाईंचं अकरा वर्षांचं बसणं एका फोनानं मोडलं होतं.

चिठ्ठीवालीनं दोघींकडे पाहिलं. तिनं त्या दिवशी अख्खं कुटुंब पाहिलेलं होतं. "एकत्र का?" तिनं विचारलं. "एकच चिठ्ठी करू?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी एकटीच आहे."

"मीपण," बाई म्हणाल्या.

चिठ्ठीवालीनं नवं कार्ड काढलं. दात विचारले. सासूबाईंनी सांगितलं, एकही नाही. मग तक्रार काय, तर कवळी टोचते. कुठं टोचते, तर बघावं लागेल, वेळ लागेल. तिनं लिहून घेतलं आणि विणकाम उचललं.

बाई पलीकडच्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मधे चार खुर्च्या. गालावर हात ठेवला. सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं झालं. इकडे बघावं की नाही, पदर सावरावा की नाही, पाणी हवं का विचारावं की नाही. मग त्यांनी चोरून पाहिलं. सासूबाई खुशाल पाय लांब सोडून बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. बाईंचे खांदे सैल झाले. थोड्या वेळानं स्वतःही आली आणि शेजारी बसली.

"नऊ," चिठ्ठीवाली म्हणाली.

नऊ नंबर सासूबाईंचा होता. त्या सावकाश वळल्या. चोवीस वर्षं ज्या सुनेला त्यांनी "अगं"खेरीज दुसरी हाक मारली नव्हती, तिच्याकडे बघून अतिशय अदबीनं म्हणाल्या, "तुम्ही जाता का हो आधी? मला घाई नाही."

"नाही, नाही, आजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा. मलाही घाई नाही."

दोघींनी मिळून मधल्या खुर्चीतल्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. तो उठून आत गेला.

पुन्हा सगळं शांत झालं. मासा एकदा वळला. सव्वापाचच्या सुमारास त्या कोपऱ्यातून फिस्सकन आवाज आला. बाईंनी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सासूबाई भिंतीवरच्या हसऱ्या दाढेकडे बघत होत्या आणि खांदे हलवून हसत होत्या.

बाईंना फार विचारावंसं वाटलं, की तुम्ही कुठवर उतरलात? त्या ब्रश धरून बसलेल्यापर्यंत, की आणखी खाली कुणी भेटलं? प्रश्न अगदी ओठांवर आला होता. पण अनोळखी बाईला असं मधेच विचारणं बरं दिसलं नसतं.